तुर्कांचं गाव

जगातलं कुठलंही गाव घ्या, यूनुसभाई त्याच्या नावाचा अर्थ सांगणारच! पनवेलच्या बाजारात त्यांचं टाइल्सचं दुकान. पण गिऱ्हाइकाला तिथे फरशी कमी आणि माहिती जास्त मिळायची.

त्यांच्या मुलाला, अझहरला, पोलंडमधल्या तुरेक नावाच्या लहानशा गावात गोदामात नोकरी लागली. त्याच्या अम्मीने, फरिदाबींनी, डोक्याला हात लावला. "दुबईला गेला असता तर निदान हलाल तरी मिळालं असतं! तिथे माझा पोरगा खाणार काय?"

"बिनघोर राहा! तुरेक! अगं, नावातच आलं सगळं. तुर्कांनी वसवलेलं गाव! गल्लोगल्ली कबाब!"

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण फरिदाबींनी भरलेला सुका जवळा, मसाला आणि लोणच्याची बरणी त्यांनी बॅगेतून बाहेर काढली आणि त्या जागी स्वतःचा लग्नातला कोट कोंबला. "तुर्कांसमोर पोरगा रुबाबात दिसला पाहिजे!"

अझहर पोचला. फोन आला, तोही तुटत तुटत. "अब्बा, इथे... एकही तुर्क नाही! गावाचं नाव... तूर..." फोन कटला.

यूनुसभाईंनी फोन खाली ठेवला. मग मांडीवर थाप! "तूर! अगं, तूरडाळीचं गाव! शेतंच्या शेतं असणार!"

फरिदाबींना जरा धीर आला. डाळभात तरी मिळेल! शेजारच्या किराणावाल्या शाहीदने तर तिकडून डाळ मागवली तर काय भाव पडेल, तेही विचारून घेतलं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. शाहीदही मान लांब करून बघायला हजर. अझहर चौकात कुडकुडत उभा होता. मागे पाटीवर शिंगं रोखलेला बैल.

"अब्बा, तूर म्हणजे इथला रानबैल. त्याच्यावरून गावाचं नाव पडलं म्हणतात."

"मग बैल तरी दाखव!"

"ते चारशे वर्षांपूर्वीच संपले, अब्बा. एकही उरला नाही."

"म्हणजे तुर्क नाहीत, डाळ नाही, बैलसुद्धा नाहीत!" फरिदाबी कडाडल्या. "मग तू जेवलास काय?"

"बटाटे. काल बटाटे, आज बटाटे. उद्याही लक्षण बटाट्यांचंच दिसतंय, अम्मी."

फरिदाबींनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की यूनुसभाईंनी चपला पायात सरकवल्या आणि थेट दुकान गाठलं. मागोमाग शाहीद आलाच.

"भाई, अख्ख्या दुनियेचं सांगता, एक सांगा. आपल्या पनवेलला पनवेल का म्हणतात?"

यूनुसभाई बराच वेळ एकच फरशी पुसत राहिले.

"मला कसं ठाऊक असणार?" ते शेवटी म्हणाले. "माझा जन्मच इथला!"