संपतबापूंची चूल

संपतबापू कोणाच्याही घरी गेले, की यजमानाशी रामराम होण्याआधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहत. चूल विझलेली दिसली, की "हात लावू द्या जरा" म्हणत खाली बसत, डोळे गच्च मिटत आणि तिच्यावरून दोन्ही हात सावकाश फिरवत. मग डोळे उघडून एकच प्रश्न, "धूर कुठी जाते?"

अकोल्याच्या जुन्या शहरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. कुठल्याशा दूरदेशी लढाई पेटली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. कोणी घोडे घेतले, कोणी माजघरात झुंबरं टांगली. बापूंची जमीन माझ्याइतकीच, पण कापूस माझ्याआधी फुटायचा, बैल माझ्या बैलांपेक्षा उंच, आणि चार लोकांत शब्द त्यांचाच चालायचा. तेही मी सोसलं असतं. पण हातात एवढा पैसा खेळत असताना हा माणूस बायकोसाठी फक्त चूल शोधत फिरत होता, आणि त्याचं कौतुक माझ्या घरात चालायचं.

"बापू चुलीसाठी अकोटले जाऊन आले," बायको भाकरी थापताना म्हणायची. महिन्याभरानं म्हणायची, "आता अचलपूरले गेले." आणि पदरानं डोळे पुसायची. धुरामुळं की माझ्यामुळं, हे मी विचारलं नाही.

अचलपूरच्या कुंभारणीनं तर बापूंना जवळजवळ हाकललंच होतं. सकाळपासून डोळे मिटून तिच्या चुली चाचपत बसलेलं गिऱ्हाईक तिनं पाहिलं नव्हतं.

"घ्याची हाय का नाई?" तिनं विचारलं.

"घ्याची हाय बाई. पन तिले पटली पाह्यजे," बापू म्हणाले आणि पुढची चूल ओढली.

मग लढाई संपली, भाव कोसळला, आणि अमरावतीचा कापूस घेणारा एक साहेब गाशा गुंडाळून निघाला. त्याच्या सामानाच्या लिलावात लोखंडी चूल होती. लाकडं पोटात घालायची आणि धूर नळीतून थेट छपरावर. बापूंनी गाडी जुंपली हे कळताच मीही बैल पाहायचं निमित्त काढून निघालो. खरं सांगतो, मला त्या चुलीची काडीची गरज नव्हती.

मी पोचलो तेव्हा बापू चुलीपुढं डोळे मिटून बसले होते. लिलाववाल्यानं बोली पुकारली. बापूंचे हात नळीपर्यंत पोचायच्या आत चूल माझी झाली. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं.

"तुमी घेतली का? बरं झालं. वैनीचा तरास जाईन."

एवढंच. चिडले असते तर मला गोड लागलं असतं.

चूल घरी बसली. अख्खी गल्ली पाहून गेली, बापू तेवढे आले नाहीत. ज्यांना जळवायला ती आणली तेच फिरकेनात. चार दिवस वाट पाहून मी स्वतःच बोलवायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं, मी ढकललं.

बापू जुन्या मातीच्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. कोपरापर्यंत पीठ. शेजारी पाटावर त्यांची बायको, सरजाकाकू.

"उलटवा," काकू म्हणाल्या.

"आता कुठी? पांढरी हाय अजून."

"वास आला मले. उलटवा म्हनते नं."

बापूंनी घाईनं भाकर उलटवली आणि बोट भाजून घेतलं. माझी चाहूल लागून काकूंनी मान वळवली. "कोन आलं?" त्या माझ्या बाजूच्या खांबाकडं पाहत होत्या.

बापूंनी तव्यावरची भाकर उचलली आणि मला ओसरीवर नेलं. "दोन वर्सं झाले, काईच दिसत नाई तिले. कोनाले सांगू नका म्हनते. अन रांधाचं सोडाले तयार नाई. मी म्हनलं, तुह्या हाताले वळखू येईन अशी चूल मिळेपर्यंत मी करतो."

मी खाली मान घालून म्हटलं, "माझी लोखंडी घेऊन जा."

"नाई भाऊ. ते अंगभर तापते. कुठीबी हात लागला तं पोळते. मी तिथीच समजलो."

"मग मला का नाही सांगितलं?"

"वैनी खोकलतात नं रोज. भिंतीतून ऐकू येते." त्यांनी हातातली भाकर माझ्या हातावर ठेवली आणि आत गेले.

पुढं बापूंनी त्याच अचलपूरच्या कुंभारणीला घरी आणलं. काकूंनी ओल्या मातीवर हात फिरवत तिच्याकडून रुंद कडेची, बसकी चूल घडवून घेतली, आणि मरेपर्यंत तिच्यावर स्वतः रांधलं.

त्या दिवशीची भाकर मी तिथंच ओसरीवर खाल्ली. एकीकडून करपलेली, दुसरीकडून कच्ची. बैलांचा, कापसाचा, मानाचा असा बापूंचा पुष्कळ हेवा मी केला होता. पण पाटावर बसून "उलटवा" म्हणणारं माणूस आणि ते ऐकून बोट भाजून घेणारं माणूस, यांचा जो हेवा वाटला तो काही केल्या गिळवेना.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोजवळ बसलो. पंधरा वर्षांत तिथं कधी बसलो नव्हतो.

"काई पाह्यजे का?" तिनं विचारलं.

"काही नाही."

मग सरकून तिनं मला जागा करून दिली.