शेंडेकाकू पोचवायला येतात

खडकीहून पुणे स्टेशनला लोकलने जेमतेम पंधरा मिनिटं लागतात. एवढ्या प्रवासासाठी शेंडेकाकू मला रोज सकाळी पोचवायला येतात. रीतसर प्लॅटफॉर्म तिकीट काढून.

त्या आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. मी जिना उतरेपर्यंत त्या कुलूप लावून तयार असतात. फलाटावर गेलो की माझ्या तळहातावर चमचाभर दही. ते खाऊन हात पुसायच्या आत गाडी येते, आणि मी चिकट हाताने दांडी पकडते. गाडी हलली की खिडकीबरोबर चालत सूचना सुरू. "पाणी पी गं. दारात उभी राहू नकोस. पोचलीस की कळव." डब्यातल्या बायका माझ्याकडे बघतात, जणू मी सासरी निघाले आहे.

एकदा टीसीने विचारलं, "काय काकू, मुलगी परदेशात चालली का?"

"नाही, कॅम्पात, ऑफिसला," काकू म्हणाल्या. "तुम्ही तुमची तिकिटं बघा."

मला चारचौघांत बोलायची लाज वाटते. चारचौघांत कुणी माझ्याबद्दल बोललं, तर त्याहून जास्त. एकदा मी गुपचूप पार शेवटच्या डब्यात चढून पाहिलं. काकूंनी अख्ख्या फलाटभर हाका मारल्या. त्याही माझ्या घरच्या नावाने. तेव्हापासून त्या डब्यातही मला सगळे "पिंकी" म्हणून ओळखतात.

म्हणून घरून काम करायची परवानगी मिळाली, तेव्हा मी सुटले. शुक्रवारी फलाटावर हिंमत करून सांगून टाकलं, "काकू, सोमवारपासून मी जाणार नाही. घरूनच काम. तुमचीही दगदग वाचेल."

"बरं झालं," म्हणून त्यांनी दह्याच्या डबीला झाकण लावलं.

गाडी आली. मी खिडकीशी बसले, तरी सूचना नाहीत. शेवटी मीच विचारलं, "काकू, काय झालं?"

"काही नाही गं. सकाळी कुणाला तरी पोचवलं, की संध्याकाळी वाट बघता येते. एवढंच."

सोमवारी मी नेहमीच्या वेळी जिना उतरले. काकू दारातच होत्या. म्हटलं, ऑफिसने बोलावलंय.

"तुमच्या ऑफिसचं काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "थांब, चपला घालते."

मी मधल्याच शिवाजीनगर स्टेशनला उतरले आणि फलाटावरच्या बाकावर लॅपटॉप उघडला. आता संध्याकाळपर्यंत घरी परत जायची सोय नव्हती.