दाढेचा स्क्रू आणि चौथं कलम

कर्ता मुलगा आईला गप्प बसवण्यासाठी जन्मभर शास्त्राचा आधार शोधत असतो. आक्कांच्या थोरल्याला तो आक्कांच्याच जबड्यात सापडला, आणि त्या दिवसापासून त्याचं वागणं बिघडलं.

आक्कांची खालची दाढ पडून दोन वर्षं झाली होती. तिच्या जागी हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. गुळगुळीत धातूला हाड धरत नाही, नुसतं शेजारी बसून राहतं. खरखरीत असला की हाडाच्या पेशी त्याला घट्ट बिलगतात. म्हणून स्क्रूवर आधी बारीक कणांचा मारा करतात, मग तो आम्लात बुडवतात. (सासरी नांदलेल्या आक्कांना ही पद्धत नवी नव्हती.) खरखर मात्र बेतानं हवी, फार झाली तर जंतू ठाण मांडतात.

"पण हाच धातू का?" आक्कांनी विचारलं.

"हाडाला तो परका वाटत नाही."

"म्हणजे आमच्या जावयापेक्षा बरा."

स्क्रू बसला. आक्कांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून दवाखान्यातून बाहेर आल्यावर सूचनांचा कागद थोरल्यानं वाचून दाखवला. एक: त्या बाजूनं चावू नये. दोन: जखमेला जीभ लावू नये. तीन: गुळण्या हलक्या कराव्यात. चार: हाड धरेपर्यंत, म्हणजे तीन महिने, बोलू नये. परतताना त्यानं आपणहून पाटी-पेन्सिलही घेतली. मुलगा गुणी, यात वाद नाही.

तीन महिने घरात आदर्श शांतता नांदली. या काळात दूध एकोणीस वेळा उतू गेलं, नळ दुरुस्त करणारा चारदा चहा पिऊन गेला (नळ गळतोच आहे), आणि थोरल्यानं दारातून आत न जाणारा सोफा आणला. आक्कांचं पाटीवर "दार मोज" लिहून होईपर्यंत टेम्पो निघून गेला होता.

सून पाया पडायची तेवढी बाकी राहिली. "आई, निदान त्या नळवाल्यापुरतं तरी बोला."

आक्कांनी मान हलवली. उभ्या जन्मात कोणाला न भ्यालेली बाई एका स्क्रूला भ्याली होती. तो हलला तर पुन्हा सगळं मऊ करून गिळायचं.

मुदत संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी स्क्रूवर टकटक केली. "छान धरलाय. बोलताना काही त्रास?"

आक्कांनी पाटी दाखवली: बंदी आहे.

"बोलायला? कोणी केली? कागदावर तीनच सूचना आहेत."

थोरला भिंतीवरचं दातांचं चित्र फार बारकाईनं पाहू लागला.

आक्कांनी पदरानं पाटी पुसली आणि बाहेर, नऊ माणसं बसलेल्या बाकांसमोर, त्याच्या हातात दिली. मग तोंड उघडलं.

"आई, हळू. लोक हसताहेत."

"हसू देत. तू गुळगुळीत आहेस रे, नुसता शेजारी बसून राहतोस. घर धरून होतं ते माझ्या खरखरीला. आणि यांच्याही घरी एकेक म्हातारी असेलच. चौथं कलम हवंय त्यांना. दे लिहून, पाटी तुझ्याच हातात आहे."