मिरी उत्तर का देईना

लहान मुलांना जादूचे, राक्षसांचे सिनेमे बिनधास्त दाखवावेत, असं एका सलूनवाल्याचं ठाम मत होतं. ते ऐकून घेण्यावाचून गिऱ्हाइकाला गत्यंतर नसे, कारण वस्तरा गळ्याशी असे. "पोरांना खरं-खोटं आपल्यापेक्षा जास्त कळतं," तो म्हणे, आणि गिऱ्हाईक मान न हलवता होकार देई.

बायको मात्र बधत नव्हती. ती मुलांच्या वॉर्डात नर्स होती. "सात वर्षांची होईपर्यंत मिरीला असलं काही दाखवायचं नाही," असं तिने निक्षून सांगितलं होतं. मिरी म्हणजे त्यांची साडेपाच वर्षांची लेक. नावासारखीच, एवढीशी आणि तिखट.

सोमवारी दुकान बंद आणि बायको ड्युटीवर. "बागेत जातो," असं सांगून सलूनवाल्याने लेकीला थेट थिएटरात नेलं. पडद्यावर करड्या कोटातली एक चेटकीण लांबलचक टेबलामागे बसून प्रश्न विचारायची. जो उत्तर देईल त्याचा दगड. मिरीने हूं की चूं केलं नाही. चेटकीण हसायला लागली तेव्हा खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता तो बापच.

"हे सगळं खोटं असतं बरं का," बाहेर आल्यावर तो म्हणाला. "आणि आईला यातलं काही सांगायचं नाही."

मिरीने मान डोलावली. घरापर्यंत ती गप्पच होती. पोरगी दमली, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं शाळेत गेली. पहिलीच्या प्रवेशाची मुलाखत होती. अर्ज दीडशे, जागा तीस. मिरीचे रंग, आकडे, प्राणी सगळे तोंडपाठ, त्यामुळे काळजी नव्हती. दार उघडलं. समोर लांबलचक टेबल आणि टेबलामागे करड्या कोटातल्या मुख्याध्यापिका.

"तुझं नाव काय?" बाईंनी हसून विचारलं.

मिरीने ओठ घट्ट मिटले.

"बरं, हा रंग कोणता?"

ओठ आणखी घट्ट.

"घरी नुसती टकळी चालू असते हो हिची," आई कळवळून म्हणाली.

"लाजली असेल. बाबा, तुम्ही काय करता?"

"मी..." एवढं म्हणेपर्यंत मिरी त्याच्या मांडीवर चढली आणि दोन्ही हातांनी तिने त्याचं तोंड दाबून धरलं. बाईंनी मोर्चा आईकडे वळवला.

"ते सलून चालवतात," आई म्हणाली मात्र, मिरीने भोकाड पसरलं. आईचे हात, गाल, नाक ती चाचपू लागली. "आई अजून मऊच आहे," ती हुंदके देत म्हणाली.

आईने नवऱ्याकडे पाहिलं. कोणतं दुखणं कुठून आलं, हे तिला वॉर्डातसुद्धा पाहताक्षणी कळे. सलूनवाला खिडकीबाहेर बघत राहिला. पण लेकीची जागा जायची वेळ आली होती. शेवटी त्याने घसा खाकरला आणि सिनेमा, चेटकीण, बाग, सगळं सांगून टाकलं.

बाईंनी कोट काढून ठेवला आणि त्या मिरीजवळ जमिनीवर येऊन बसल्या. "मीच मला प्रश्न विचारते आणि मीच उत्तर देते. बघू दगड होतो का." तसं त्यांनी करून दाखवलं. मिरीने त्यांचं बोट दाबून खात्री करून घेतली.

"सिनेमा खोटा असतो, हे बाबांनी सांगितलं नव्हतं का गं?"

"सांगितलं ना," मिरी म्हणाली. "पण आईला सांगू नको म्हणाले. खोटं असेल तर लपवायचं कशाला?"

बाईंनी अर्जावर सही केली.

"मुलीला प्रवेश दिला. डोकं चालतं तिचं," त्या म्हणाल्या. "वडिलांसाठी आमचा पालकवर्ग असतो. चार शनिवार, सकाळी. यावंच लागेल."

शनिवार म्हणजे दुकानात गर्दीचा दिवस. तरी तो गेला. वर्गात पहिलीच्याच खुर्च्या होत्या, बसल्यावर गुडघे हनुवटीला टेकले. आजूबाजूला आणखी सात-आठ बाप तसेच घडी होऊन बसले होते. शेजारचा त्याच्याकडे झुकला आणि दबक्या आवाजात म्हणाला,

"तुम्ही कोणता दाखवलात?"