धकाते काकांचा विरोधी पक्ष

मनीषनगरात आमच्या शेजारच्या घरावर 'वरचा माळा भाड्याने देणे आहे' अशी पाटी दोन उन्हाळे लटकत होती. माळा चांगला होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे गच्ची, नळाला पाणी आणि भाडंही वाजवी. घरमालक धकाते काका येणाऱ्याची जात विचारत नसत, खाणंपिणं विचारत नसत, लग्न झालंय की नाही याच्याशीही त्यांना कर्तव्य नव्हतं. माणसाला समोर बसवून, पाणी देऊन ते एकच विचारत, "तो पिच्चर पाहिला काय? मंग सांगा, मास्तरनं शेवटी राजीनामा देल्ला ते बरोबर केलं का चूक?"

आधार कार्ड काढायच्या तयारीत आलेला माणूस यावर आधी ब्रोकरकडे बघायचा आणि मग दाराकडे.

सिनेमाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुम्हाला तो आठवेल, तुम्ही मत द्याल, ते कुठून तरी काकांच्या कानावर जाईल आणि काका तुमच्या घरी येतील. काळ्यापांढऱ्या जमान्यातली गोष्ट आहे. खेड्यातला एक शाळामास्तर निवडून येतो, मंत्री होतो. धरणाचा पैसा कोण खातं हे शोधायला जातो, तर ज्या पुढाऱ्यानं त्याला बोट धरून राजकारणात आणलं तोच निघतो. मास्तर राजीनामा टेबलावर ठेवतो, सरकारी गाडी दारातच सोडतो आणि पायी गावाकडे चालू लागतो. पाठमोरा मास्तर लहान लहान होत जातो आणि दिवे लागतात. आता हे तत्त्व की पळपुटेपणा, यावर महाराष्ट्रानं थोडे दिवस वाद घातला आणि मग तो दुसऱ्या कामाला लागला. धकाते काका लागले नाहीत.

अख्ख्या गल्लीची त्यांनी या एका प्रश्नावर विभागणी करून ठेवली होती. दूधवाला सत्ताधारी, इस्त्रीवाला विरोधक, कोपऱ्यावरचे डॉक्टर तटस्थ. मी इथे राहायला आलो तेव्हा ट्रकमधून अजून कपाट उतरायचं होतं आणि काका कंपाऊंडच्या भिंतीवर कोपर टेकून मला तोच प्रश्न विचारत होते. मी बँकेतला माणूस. दोन्ही बाजूंनी बोलता येईल, असं मी म्हणालो. काकांनी घराकडे तोंड करून बायकोला कळवलं, "अपक्ष आहे वं." तेव्हापासून माझी ओळख ते अशीच करून देतात. अपक्ष म्हणजे जिकडे गादी मऊ तिकडे बसणारा, हा त्यांचा अर्थ मला पुढे कळला.

त्यांच्या बायकोचं, इंदूकाकूंचं, घरातलं नाव 'विरोधी पक्ष'. हे काकांनीच ठेवलेलं. काकू उंचीनं बेताच्या, आवाज मात्र स्वयंपाकघरातून थेट आमच्या हॉलमध्ये येई. संध्याकाळी काका ओट्यावर खुर्ची टाकून मास्तरची बाजू मांडायला लागले, की आतून ठरलेलं उत्तर येई, "लय शहाणा तुमचा मास्तर. राजीनामा देल्ला, पण घरी विचारलं काय? त्याच्या बायकोले रेडिओवरून समजलं. कणिक मळता मळता."

यावर काका म्हणत, की ही बाई एवढा मोठा पिच्चर पाहून आली आणि हिला कणिक दिसली.

या भांडणाची सुरुवात काकांनी मला अनेकदा सांगितली आहे. त्यांचं मूळ घर पाचपावलीकडचं, कोष्ट्यांचं. वडिलांचा माग घरातच, त्याचा खटखटाट दिवसभर, आणि माणसं इतकी की नव्या नवरीशी बोलायला ना कोपरा ना फुरसत. त्यात वहिनीनं युक्ती करून दोघांना सीताबर्डीला मॅटिनीला पाठवलं. जाताना दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. परत येताना काका म्हणाले, काय माणूस आहे मास्तर. काकू म्हणाल्या, काय मेला माणूस आहे. मग अशी जुंपली, की घराची गल्ली मागे राहून गेली तरी दोघांना पत्ता नव्हता. बायको आपल्याशी बोलते, आणि बोलते तर अशी बोलते, हे आपल्याला त्या रस्त्यावर कळलं, असं काका म्हणायचे. एवढं सांगून झालं की स्वतःशीच हसायचे.

पुढे काका सरकारी नोकरीत लागले. साहेब लोकांशी न पटल्यामुळे बदल्या फार झाल्या, एवढंच आम्हाला माहीत होतं. निवृत्तीनंतर मनीषनगरात घर बांधलं. मुलगा श्रीकांत पुण्याला गेला. काका आणि त्यांचा विरोधी पक्ष असं दोघांचंच अधिवेशन बारा महिने चालू राहिलं.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं.

त्यानंतर गल्लीनं एक वाईट गोष्ट केली. सगळे काकांशी सहमत झाले. इस्त्रीवाला सुद्धा म्हणाला, की काका, तुमचंच बरोबर होतं. काका भिंतीशी येत, मास्तरविषयी काहीतरी बोलत, आम्ही "हो काका" म्हणत असू, आणि ते थोडा वेळ थांबून परत जात. हळूहळू त्यांचं येणंच कमी झालं. एकदा मला म्हणाले, "विरोधी पक्ष नसला की सभागृह चालत नाही गा. नुसती हजेरी लागते."

पाटीचा दुसरा उन्हाळाही तसाच गेल्यावर श्रीकांतनं निकाल दिला. एकट्यानं एवढ्या घरात राहायचं नाही. दिवाळीपर्यंत वर भाडेकरू आला तर ठीक, नाहीतर घर विकून पुण्याला यायचं. मुलगा वाईट नाही, त्याला काळजी होती. पण काका पुण्याला एकदा जाऊन आले होते. महिन्यासाठी गेले आणि आठवड्यात परतले. तिथल्या सोसायटीत कोणी तो पिच्चरच पाहिलेला नाही, ही त्यांची तक्रार होती. आता कायमचं जायचं म्हटल्यावर त्यांचं जेवण कमी झालं. माझी बायको सुनीता त्यांना डबा देते, तिच्या ते लक्षात आलं. मला स्वतःला काका जायला नको होते. भिंतीपलीकडे ते नाहीत, ही कल्पनाच मला सोसवेना. म्हणून ब्रोकर पंकजला हाताशी धरून मी भाडेकरूंची तयारी करून घ्यायला लागलो.

तयारी म्हणजे मोबाइलवर सिनेमाची लिंक पाठवायची आणि उत्तर पाठ करून आणायचं. पहिला उमेदवार आमच्याच बँकेतला. त्यानं 'बरोबर' म्हणायचं ठरलं होतं. तो तसं म्हणाला. काका म्हणाले, मग लोकांनी त्याला निवडून कशाला दिलं होतं, अर्ध्यात सोडून जायला? उमेदवार घाबरून म्हणाला, तेही खरंच, चुकलंच त्याचं. काकांनी हात जोडले. पंकजनं पुढच्याला 'चूक' शिकवून आणलं. काकांनी मास्तरची बाजू घेतली तसा तो 'बरोबर'वर आला. तिसरा म्हणाला, की नाण्याला दोन बाजू असतात. त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

चौथा मुलगा हुशार होता. त्यानं सिनेमा पाहिलाच नाही, लिंकखाली लोकांनी लिहिलेली मतं तेवढी वाचून आला. काळाच्या पुढचा चित्रपट, आजच्या परिस्थितीलाही लागू, असे चित्रपट आता होणे नाही, असं तो धडाधड बोलत गेला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे लोकायचं झालं," ते म्हणाले. "तुमचं काय?" मुलानं मोबाइल चाचपला.

मी वैतागलो. उमेदवार गेल्यावर काकांना स्पष्टच विचारलं, की तुम्हाला हवंय तरी कोणतं उत्तर? काका म्हणाले, "कोणतंबी चालन. पण धरून तं बसा ना. त्या पहिल्यानं दोन खोल्यांसाठी मत बदलवलं. खुर्ची भेटली तर काय करन?"

दिवाळी तोंडावर आली. पंकजनं आशा सोडली होती, म्हणूनच वैशालीला त्यानं काही शिकवलं नाही. ती भिवापूरची, इथे एका कॉलेजात शिकवते. नवऱ्याची नोकरी गडचिरोलीकडे, तो महिन्या-दोन महिन्यांनी येणार. सिनेमा तिनं लहानपणी आजोबांसोबत टीव्हीवर पाहिला होता. काकांनी प्रश्न विचारला तशी ती मागचापुढचा विचार न करता म्हणाली, "चूक."

काकांनी मास्तरची बाजू मांडायला घेतली. त्यानं लाथ मारली ती सत्तेला, खाल्लेल्या अन्नाला नाही. अशी माणसं होती म्हणून देश उभा आहे. राहिला असता तर तोही बरबटला असता. काका रंगात आले, आवाज चढला. माझ्या ओळखीचा हा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. वैशाली मान हलवत ऐकत होती आणि प्रत्येक वेळी "नाही काका" म्हणत होती. पंकजनं तिला डोळ्यांनी खुणावलं. मी खोकून पाहिलं. तिनं आमच्याकडे लक्षच दिलं नाही.

"माळा देऊ नका पाहिजे तर," ती म्हणाली. "पण तो चुकलाच."

"काहून?"

"घरी विचारलं नाही त्यानं. तत्त्व त्याचं होतं, पण घर तर दोघांचं होतं ना. तिले बिचारीले रेडिओवरून समजलं."

काका उठले आणि आत निघून गेले. आतून नळाचा आवाज येत राहिला. पंकजनं हेल्मेट उचललं. वैशालीनं पर्स खांद्याला लावली आणि मला विचारलं, की मी काही वावगं बोलले का.

काका बाहेर आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं. हातात वरच्या माळ्याची किल्ली होती, ती त्यांनी तिच्यासमोर ठेवली. "तुम्ही चूक बोलून राहिल्या," ते म्हणाले. "साफ चूक. राहाले कधी येता?"

आता आमच्याकडे पुन्हा संध्याकाळी टीव्हीचा आवाज बारीक होतो. वैशाली कॉलेजातून आली की खाली ओट्यावर चहा घेते आणि मास्तरवरून दोघांची जुंपते. भिवापूर म्हणजे मिरचीचं गाव, ती घरच्या मिरचीचं तिखट घालून भाजी करते, काका ती खातात, नाक पुसतात आणि पुन्हा मुद्द्यावर येतात. सुनीताचा डबा बंद झाला. श्रीकांतनं घर विकायचं नाव काढणं सोडलं.

परवा संध्याकाळी काका भिंतीशी उभे होते. वैशाली गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी सहज म्हटलं, की काका, ही पोरगी एवढी भांडते, पण तुम्ही एकदाही माघार घेतली नाहीत, मानलं तुम्हाला.

काकांनी गच्चीकडे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. "मी तं केव्हाच पलटलो गा."

मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मी ऐकलेलं नव्हतं. नोकरीत एकदा एका खोट्या बिलावर त्यांनी सही करायला नकार दिला. ताबडतोब दूरची बदली झाली. छाती फुगवून, सायकल ऑफिसातच ठेवून, ते मास्तरसारखे पायी घरी आले. रस्ता लांबचा. तोवर ऑफिसातल्या कोणाच्या तरी बायकोनं नळावर काकूंना बातमी दिली होती. घरी आले तर काकू पोळ्या करत होत्या. श्रीकांतची शाळा नुकती सुरू झाली होती, काकांची आई अंथरुणाला होती. काकूंनी ताट वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधायला घेतलं.

"तवा एक शब्द बोलली नाही ती," काका म्हणाले. "जे बोलाचं ते पिच्चरवर बोलली. जिंदगीभर. मले समजत होतं गा, ते मास्तरच्या बायकोचं नाही बोलून राहिली. आपलंच बोलून राहिली."

मी विचारलं, की मग एकदा तरी कबूल का केलं नाही.

"कबूल केलं असतं तं भांडण सरलं असतं. मले वाटे, करू कधीतरी. उद्या करू." "आता सांगावं वाटते तं ऐकाले ती नाही. आन्‌ जे इंदूले नाही सांगितलं, ते या पोरीले कसं सांगू? तूबी सांगू नोको."

मी नुसती मान हलवली.

तेवढ्यात वरून वैशालीनं हाक मारली, की काका, मास्तरच्या विरोधात आणखी एक मुद्दा सुचला, येऊ का खाली? काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ये वं. तुझा मुद्दा चूकच असन, पण ये."

चहा आला आणि वाद सुरू झाला. मी भिंतीच्या अलीकडे उभा राहून ऐकत होतो. काका जीव तोडून मास्तरची बाजू लढवत होते, आणि इंदूकाकू जिंकत होत्या.