पुनारामचा दुसरा कट्टा

पुनारामने धानाच्या कट्ट्याचं तोंड सुतळीने आवळलं, वर दोन गाठी मारल्या आणि छपरीत इकडेतिकडे बघून घेतलं. कोणी नव्हतं. चाळीस किलोच्या त्या पोत्यात काय भरलंय हे आता तो आणि देव, दोघांनाच ठाऊक होतं. देव काही सांगायला येत नाही, म्हणून पुनारामला बरं वाटलं.

कट्टा जायचा होता नेपाळला. तिकडे डोंगरात अनाथ लेकरांचं एक घर होतं आणि गोंदियाची एक संस्था दर दिवाळीत त्या लेकरांना तांदूळ पाठवायची. यंदा संस्थेचा स्वप्निल चोरखमाऱ्याजवळच्या या गावात आला होता. पुष्पाबाईच्या बचत गटासमोर त्याने लेकरांचे फोटो धरले तेव्हा बायांनी पदराने डोळे पुसले. मागे उभा असलेला पुष्पाबाईचा नवरा पुनाराम, तोही हलला. इतका हलला, की कोणी विचारायच्या आधीच बोलून बसला, "माह्याकडून भरला कट्टा! अन् पुनारामचा धान म्हणजे काय, ते गाव जाणते!"

गाव खरंच जाणत होतं. चाळीस वर्षांत त्याच्या धानाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. बियाणं मागायला लोक त्याच्याच दारात येत. जमीन काही फार नव्हती. ते नाव हीच त्याची मोठी इस्टेट.

पण गटासमोर बोलणं वेगळं आणि घरातला चांगला धान उचलून देणं वेगळं. यंदा कापणीतच पाऊस आला. शेताच्या बांधीत कापून पसरलेला धान दोन दिवस पाण्यात राहिला आणि त्यातला एक वाटा काळा पडला. त्याला वासही मारायचा. व्यापारी तो हातात धरीना. पुनारामने विचार केला, मिलमध्ये साऱ्या गावाचा धान एकाच हौदात पडणार, एकत्रच भरडणार. एवढ्या चांगल्यात आपला एक काळा कट्टा गेला तर कोणाला कळते?

दुसऱ्या दिवशी तो नातवाचे कपडे आणायला गोंदियाला गेला. मागे ट्रॅक्टर येऊन सगळ्यांचे कट्टे नावं लिहून मिलवर घेऊन गेला. दुपार कलल्यावर पुनाराम बसमधून उतरतो तर समोर गावातलाच केशोराव.

"पुनारामभाऊ, उद्या सकाळी धुतलेला सदरा घालून येजा मिलवर."

"काऊन गा? माहं लगन हाय का?"

"नेपाळचे लेकरं येऊन राहिले ना फोनवर! मोठ्या पडद्यावर दिसतेत म्हणे. त्यायच्यासमोर एकेक कट्टा खोलतेत. ज्याचा कट्टा, तो बाजूले उभा. स्वप्निल म्हणते, लेकरायले पाहू द्या कोणत्या बाबानं काय देलं ते."

पुनारामच्या हातातली पिशवी खाली टेकली. "खोलतेत? कायले? भरडून मंग तांदूळ दाखवा ना!"

"मी बी तेच म्हणलं," केशोराव घाईघाईने म्हणाला आणि उगीचच पायातली चप्पल झाडू लागला.

त्या रात्री पुनाराम ताटातला भात नुसता चिवडत बसला. पुष्पाबाई म्हणाली, "का जी, जेवत काऊन नाई?"

"पोट भरलं."

"कायनं?"

पुनाराम हात धुवायला उठला.

सकाळी ती अंगणात सडा टाकत होती तेवढ्यात पुनाराम मागच्या खोलीत शिरला. दारामागे त्याने चांगल्या धानाचा कट्टा ठेवला होता. तो अंधारातच चाचपडत उचलला, सायकलच्या कॅरिअरवर बांधला आणि मागच्या वाटेने निघाला. बेत साधा होता. मिलवर कोणी यायच्या आधी काळा कट्टा काढायचा, तिथे हा ठेवायचा, वर आपलं नाव लिहायचं आणि घरी येऊन चहा प्यायचा.

मिलच्या फाटकात दिवाणजी नंदलाल दात घासत उभा होता.

"कोन हाय? पुनारामभाऊ? अन् हे काय, अजून एक कट्टा?"

पुनारामच्या तोंडून निघून गेलं, "अं... हो."

"बाप्पा रे बाप्पा! ओ स्वप्निलभाऊ, इकडे या! साऱ्या गावानं एकेक देला, या माणसानं दुसरा आणला. तोही सायकलवर!"

स्वप्निल धावत आला. त्याने पुनारामचे हात हातात घेतले. त्याचे डोळे भरून आले होते, त्यामुळे पुनारामला आणखीच मेल्यासारखं झालं. पोराने लगेच नव्या कट्ट्यावर रंगाने 'पुनाराम – २' लिहिलं आणि दोन्ही कट्टे पडद्यासमोर पहिल्या रांगेत आणून ठेवले.

"काका, पहिला मान तुमचा. लेकरांना आधी हेच दाखवू."

आता काय करावं? पुनाराम गेला आणि पहिल्या कट्ट्यावर बसला.

"काका, तो खोलायचा आहे."

"गुडघे दुखून राहिले बावा. बसू दे जराक."

लोक जमू लागले. गटाच्या बायांबरोबर पुष्पाबाई आली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग 'पुनाराम – २' कडे, आणि तरातरा त्याच्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "हा दुसरा कुठून आला?"

"घरून. दारामागचा चांगला आणला." पुनाराम पुटपुटला. "तू आता वरडू नोको. मी ज्याच्यावर बसलो ना, त्याच्यात काळा धान हाय. चुकलं माहं."

"त्याच्यात काळा नाई."

"आँ?"

"काल ट्रॅक्टर यायच्या आधी देवापुढं ठेवाले मूठभर काढाले गेली, तं हाताले वास. लेकरायच्या तोंडी हा घास देता? मी कट्टे बदलवले. चांगला इथं धाडला अन् तुमचा काळा दारामागं ठेवला. दिवाळी झाल्यावर बोलणार होती तुमच्याशी."

पुनारामने खालच्या कट्ट्याकडे पाहिलं, मग बाजूच्या. "म्हणजे मी..."

"हो. सोताच्या हातानं सायकलवर बांधून आणला."

तेवढ्यात पडदा उजळला. चाळीसएक लेकरं, टोप्या घातलेली, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होती. सगळ्यांनी एका सुरात "नमस्ते" म्हटलं आणि मिलमधल्या माणसांनीही हात जोडले. स्वप्निलने पुनारामला उठवून पहिला कट्टा खोलला. सोन्यासारखा धान ओंजळीतून खाली सुटला. लेकरांनी टाळ्या पिटल्या. एक लहान पोरगी तर पडद्याला नाक लावून बघत होती.

"आणि या आजोबांनी दोन कट्टे दिलेत!" स्वप्निल हिंदीत ओरडला. नंदलालने दुसऱ्या कट्ट्याच्या गाठीला हात घातला. पुनारामने डोळे मिटले.

"थांबा!" पुष्पाबाई पुढे झाली. "तो लेकरायचा नाई. तो कोंबड्यायचा हाय. भरडाले आणला होता."

"पण काकू, काका तर स्वतः हो म्हणाले."

"त्यायले कमी आयकू येते."

"आँ?" पुनाराम म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा अगदी वेळेवर म्हणाला.

लोक हसले. पुनारामने कट्टा भिंतीकडे ओढला आणि तिथेच टेकून मोठा श्वास सोडला. चाळीस वर्षांचं नाव वाचलं होतं. आता घरी जाऊन बायकोच्या शिव्या खायच्या, त्या प्रसादासारख्या खायच्या, असं त्याने ठरवलं.

तोच केशोराव खाकरला. "नंदलाल, माहाही कट्टा जरा थांबव गा. तो बी... कोंबड्यायचाच वाटते. बदलून आणतो."

"माहा बी," म्हातारा केवळराम गावकऱ्यांच्या रांगेतून म्हणाला.

मग आणखी दोघं पुढे आले आणि आपापले कट्टे खांद्यावर टाकून बाहेर पडले. त्यांच्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. पुनारामनेही भिंतीकडचा कट्टा सायकलवर बांधला; लेकरांना दोन सांगितले, तर आता दोन द्यायचे. अर्ध्या तासात पाचही जण परत आले, पुनारामसुद्धा, आणि एकेकाचा नवा कट्टा खोलला तेव्हा नंदलाल धान तळहातावर घेऊन म्हणाला, "असा माल तं सरकारी खरेदीतही कोणी आणत नाई!"

हे सगळं थांबणं कशासाठी, ते स्वप्निलने लेकरांना खुशीने समजावून सांगितलं होतं. या आजोबांकडे खूप खूप कोंबड्या आहेत म्हणे. ती पडद्याला नाक लावणारी पोरगी उठून उभी राहिली.

"दादाजी, मुर्गी दिखाओ ना!"

मग चाळीस तोंडं तेच म्हणू लागली.

"रविवारी," पुनाराम घाम पुसत म्हणाला. "रविवारी दाखवतो, बाई."

शनिवारी तिरोड्याच्या बाजारात कोंबड्या विकणाऱ्यापुढे मिलवरचे तेच पाच म्हातारे उभे होते. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

"दिवाळीत लोक मिठाई नेतेत," विकणारा म्हणाला. "तुमच्या गावात झालं काय?"

"काई नाई गा," पुनाराम टोपलीत वाकून म्हणाला. "ते चांगली तुऱ्याची दे. लेकरू पाह्याले बसलं हाय."