गोजरबाईंचा दिवाण

२०२२ सालचा पावसाळा केडगावात इतर कोणाच्या लक्षात असो वा नसो, गोजरबाईंच्या घरात तो अजून विसरला गेलेला नाही.

तीन वर्षांचा नातू पार्थ आजीच्या दिवाणावर निजला, की त्याला खोकल्याची ढास लागे. छाती भात्यासारखी चाले. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का?" त्याच्या आईला, रेश्माला, दिवाणामागची भिंत आठवली. बुरशीने तिथे काळी नक्षी काढली होती.

"भिंत कोरडी करा. नाहीतर ॲडमिट करावं लागेल."

पार्थच्या बापाने, गोरक्षने, ब्लीचिंग पावडरने भिंत घासली. नक्षी परत आली. रेश्माने पंखा लावला, तर पार्थला सर्दी झाली. पंखा बंद केला, तर बुरशीला बरं वाटलं.

"वरचं बाथरूम गळतंय," गोजरबाईंनी निकाल दिला. "त्यो काकासाहेब बादल्यांवर बादल्या ओततो. लई नासाडी!"

गोरक्ष वर गेला. काकासाहेब आधी भांडले. मग जिन्यातून पोराचा खोकला ऐकू आला, तसे विरघळले आणि गवंडी लावून त्यांनी आपल्या नव्या फरश्या फोडल्या. आत सगळं ठणठणीत कोरडं! तेव्हापासून काकासाहेब खांद्यावर टॉवेल टाकून रोज खाली आंघोळीला येऊ लागले. गोजरबाई दाराबाहेर उभ्या राहून त्यांचे तांबे मोजत.

शेवटी वॉटरप्रूफ रंग द्यायचं ठरलं. दिवाण ओढायला गोरक्ष आणि काकासाहेब वाकले. दिवाण हलेना, आत नुसतं डुचमळलं.

"काय भरलंय ह्यात, आई?"

"गोधड्या हायेत. ऱ्हाऊ दे, वरवर मार रंग."

"गोधड्या अशा डुचमळतात का?" रेश्माने विचारलं.

फळी उचलली. आत पाण्याने भरलेले तेलाचे डबे दाटीने बसले होते. भिंतीकडेचा गंजका डबा शांतपणे पाझरत होता.

"आता बगताय काय? त्यो डेंगूवाला येतो, साठवलेलं पानी डोळ्यादेखत गटारात ओततो. मग कुठं ठिवू? पारनेरला टँकरमागं अनवानी पळालेय मी. उद्या नळ न्हाई आला, तर पोराला काय पाजशील?"

तेवढ्यात पोर खोकलं. गोजरबाई उठल्या. एकेक डबा त्यांनी स्वतःच मोरीत रिता केला. शेवटचा मात्र तोंड फिरवून.

भिंत वाळली. पार्थचा खोकला गेला, आता तो शाळेत जातो. काकासाहेबांच्या फरश्या गोरक्षने बसवून दिल्या; त्यांतली एक वेगळ्या रंगाची निघाली, ती काकासाहेब प्रत्येक पाहुण्याला दाखवतात. दिवाण भंगारात गेला. गोजरबाई आता लोखंडी पलंगावर निजतात, ज्याच्या खालचं सगळं दिसतं.

गेल्या उन्हाळ्यात पाईपलाईन फुटली. नळ कोरडा, रेश्मा रिकामी कळशी घेऊन बसलेली. पार्थने आपलं खेळण्यांचं कपाट उघडलं. आत भरलेल्या बाटल्यांची रांग होती.

"आजी म्हनली, मम्मीला सांगू नको."

रेश्माने आधी कपाटामागच्या भिंतीवर हात फिरवून पाहिला. मग चहाचं आधण ठेवलं.